भरली की काय करतो तो?

माझ्या मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला दोन आकडे आहेत, एकाखाली एक, मध्ये आडवी रेघ. वर ०३, खाली १०. म्हणजे मार्च ते ऑक्टोबर. जर्मनीत अशी हंगामी नंबरप्लेट १९९७ पासून मिळते. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. पण ३१ ऑक्टोबरची रात्र संपली की गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करता येत नाही. खासगी जागेत, आत, झाकून ठेवायची. म्युनिकमध्ये हा नियम नसता तरी मी नोव्हेंबरनंतर गाडी काढली नसती. बर्फापेक्षा बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाची मला जास्त भीती वाटते. ते चेनच्या कड्यांत शिरतं, बोल्टच्या डोक्यांवर बसतं आणि मार्चपर्यंत गाडीला खात राहतं.

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. एकशे वीस दिवस गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी.

पहिल्या हिवाळ्यात मी सगळं मनापासून केलं. गाडी धुतली, पुसली, चेनला तेल दिलं, टाकी गळ्यापर्यंत भरली, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरली, वर जुनी सुती चादर घातली. बॅटरीचा विचार मनात आला नाही. गाडी बंद, किल्ली घरात, मग बॅटरीचं काय जाणार आहे, असं वाटलं. १ मार्चला सकाळी सहा अंश तापमानात जॅकेट, हेल्मेट, हातमोजे चढवून खाली गेले आणि बटण दाबलं. टक्, टक्, टक्. मग तेही नाही. मीटर लावला तर बारा व्होल्टच्या बॅटरीत ९.८ व्होल्ट.

काय झालं होतं ते नंतर कागदावर मांडलं. गाडी बंद असली तरी तिच्यातलं घड्याळ चालू असतं, चोर-अलार्म जागा असतो, आतला कॉम्प्युटर एक डोळा उघडा ठेवून झोपतो. या सगळ्यांचं मिळून पाच मिलिअँपिअर धरा. पाच हजारांश अँपिअर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण दिवसाचे चोवीस तास धरले की ०.१२ अँपिअर-तास होतात, आणि एकशे वीस दिवसांचे १४.४. माझी बॅटरीच मुळात १२ अँपिअर-तासांची. शंभराव्या दिवशीच, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी, ती तळाला गेली असणार. मी वर हीटरशेजारी बसून वसंताची वाट पाहत होते, तेव्हा.

पुढची चूक जास्त वाईट होती. शेजाऱ्यांनी आपुलकीनं त्यांचा चारचाकीचा जुना चार्जर दिला. दहा अँपिअरचा, जड लोखंडी डब्याचा, आत एक ट्रान्सफॉर्मर आणि बाहेर एक बटण. मी तो रात्रभर लावून ठेवला. सकाळी बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगल्या होत्या आणि पार्किंगमध्ये सडक्या अंड्यासारखा वास भरला होता. तो वास नाकात गेला आणि मी एका क्षणात कराडला पोचले.

कराडला माझ्या मामांचं बॅटरीचं दुकान आहे. विकायच्या नव्या बॅटऱ्या चार-सहाच, खरं काम चार्जिंगचं आणि दुरुस्तीचं. मी सुट्टीला जायची तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला, अशी अख्खी रांग. त्या रांगेच्या टोकाला भिंतीवर लाकडी बोर्ड, आणि बोर्डावर साधे पिवळे बल्ब. उजेडासाठी नव्हते ते. करंट बेतात राहावा म्हणून मध्ये घातलेले. संध्याकाळी उतरलेल्या बॅटऱ्या जोडल्या की बल्ब झगझगीत पेटायचे. रात्र चढत जाईल तसतसे ते मंद व्हायचे, कारण बॅटऱ्या भरत आल्या की त्यांचंच व्होल्टेज वाढतं आणि त्या करंटला आत घेईनाशा होतात. हे कारण मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं, की दिवे लालसर झाले की मामा उठतात.

कारण बल्ब मंद होत होते, विझत नव्हते. तो बोर्ड स्वतःहून थांबणारा नव्हता. म्हणून हंगामात मामा दुकानातच बाकड्यावर झोपायचे. पहाटे दोनला, तीनला उठून टॉर्चच्या उजेडात झाकणं काढलेल्या सेलमध्ये बघायचे, बुडबुडे कुठे येतात ते ऐकायचे, हायड्रोमीटरनं ग्रॅव्हिटी, म्हणजे अॅसिडचा दाटपणा, घ्यायचे. भरलेली रांगेतून काढायची, तारा पुन्हा जोडायच्या. ‘उकळायला लागली’ हा त्यांचा शब्द. भरल्यानंतरही करंट चालू राहिला की अॅसिडमधलं पाणी फुटतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात. त्या खोलीत काडी ओढायला सक्त मनाई होती. मामांच्या सुती शर्टांना बारीक बारीक भोकं असायची. अॅसिडचा थेंब उडाला की त्या वेळी काही दिसत नाही. मामी शर्ट धुवायची तेव्हा भोकं दिसायची.

मी त्यांना फोन केला. कोणता चार्जर लावलेलास, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

“बारा अँपिअरच्या बॅटरीला दहाचा चार्जर? अगं, तान्ह्या पोराला भाकरी चारलीस तू.”

त्यांचा नियम सोपा आहे आणि तो पुस्तकांतही तसाच सापडतो. बॅटरी जितक्या अँपिअर-तासांची, त्याच्या दहाव्या हिश्श्यानं चार्ज करायची. माझ्या बॅटरीला सव्वा अँपिअर पुष्कळ, त्याहून कमी असला तर उत्तमच, वेळ जास्त लागेल एवढंच. मी म्हटलं, नवी बॅटरी घेते आणि चांगला चार्जरही घेते, पुढच्या हिवाळ्यात लावून ठेवायला. दुकानातले चार-पाच बघून ठेवलेत, एक स्वीडिश आहे, एक बेल्जियन, दोन-तीन स्वस्तातले, कोणता घेऊ? त्यावर मामांनी अँपिअर विचारले नाहीत, किंमत विचारली नाही, कंपनी विचारली नाही.

“भरली की काय करतो तो?”

हा प्रश्न घेऊन मी दुकानात गेले, आणि खोक्यांवरच्या मजकुरातलं बरंचसं आपोआप बाजूला पडलं.

स्वस्तातल्यांपैकी दोन चार्जर भरल्यावर काहीच करत नव्हते. बारीक करंट देत राहायचे, अर्धा अँपिअर, दिवसरात्र, चार महिने. खोक्यावर ‘हिवाळ्यासाठी’ असं लिहिलेलं होतं. पण अर्धा अँपिअरही भरलेल्या बॅटरीला चार महिने दिला तर ती उकळतेच, हळूहळू उकळते एवढाच फरक. आणि आजच्या सीलबंद बॅटरीत उडून गेलेलं पाणी परत टाकायला झाकणही नसतं. दुसरा प्रकार असा, की भरली की बंद होतो आणि मग बंदच राहतो. यानं बॅटरी मरत नाही, पण घड्याळ आणि अलार्म आपलं काम चालू ठेवतात, आणि आपण समजतो की चार्जर लावलेला आहे.

मला हवा होता तो तिसरा. तो आधी ठरलेला करंट देतो आणि व्होल्टेज चढू देतो. व्होल्टेज साधारण १४.४ ला पोचलं की ते तिथेच धरतो आणि करंटला आपोआप उतरू देतो. मामांचे बल्ब मंद होत जायचे ते हेच. करंट अगदी थोडा राहिला की तो व्होल्टेज खाली आणतो, साडेतेरा-पावणेचौदाच्या मध्ये कुठेतरी, आणि तिथे नुसता राखणीला बसतो. बॅटरीतून जेवढं गळतं तेवढंच परत देतो. काही चार्जर इथून पुढे पूर्ण बंद होतात, पण मीटर चालू ठेवतात, आणि व्होल्टेज पडलं की पुन्हा उठतात. पहाटे तीनला टॉर्च घेऊन येणारा माणूस त्या मुठीएवढ्या डबीत बसवलेला आहे, हे मला दुकानातल्या त्या शेल्फसमोर उभं राहून कळलं. खूप वेळ मी तिथेच उभी होते.

बॅटरी रिकामी राहिली तर इतकं का बिघडतं, हेही सांगायला हवं, कारण बहुतेक लोक ‘मार्चमध्ये चार्ज करू की’ म्हणतात. शिसं-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांतेनं १८५९ मध्ये बनवली आणि तिचं रसायन तेव्हापासून तेच आहे. एका प्लेटवर शिसं, दुसरीवर शिशाचं डायऑक्साइड, मध्ये गंधकाम्ल. करंट काढला की दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट धरतं आणि आम्ल पातळ होत जातं. चार्ज केलं की सगळं उलटं फिरतं. मात्र हे सल्फेट ताजं असताना बारीक, भुसभुशीत असतं, आणि तसंच राहू दिलं तर त्याचे मोठे, कडक खडे होतात. मग ते उलटं फिरत नाही, आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. म्हणून उतरलेली बॅटरी आठवडे-महिने तशीच ठेवायची नाही. काही चार्जर हे खडे स्पंद, म्हणजे करंटचे छोटे झटके, देऊन किंवा १५.८ व्होल्टपर्यंत चढवून फोडण्याचं वचन देतात. थोडी आळसावलेली बॅटरी यानं जरा सुधारते. मेलेली उठत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मामांचंही. शिवाय इतकं व्होल्टेज द्यायचं तर आधी बॅटरी गाडीतून सोडवलेलीच बरी. गाडीतल्या नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला ते कशाला सोसायला लावायचं?

थंडीबद्दल माझ्या मनात एक उलटी समजूत होती. मला वाटायचं, गारठ्यात बॅटरी जास्त उतरते. खरं तर आतल्या आत होणारी गळती थंडीत कमी होते. ढोबळ हिशोब असा, की दर दहा अंशांना निम्मी. म्हणजे आमच्या पाच अंशांच्या तळघरात उभी असलेली बॅटरी कराडच्या पस्तीस अंशांत उभ्या असलेल्या तशाच बॅटरीपेक्षा आठपट सावकाश गळते. हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणूनच मे महिन्यात आमचं दुकान चालतं. थंडीचा खरा धोका वेगळा आहे. भरलेल्या बॅटरीतलं दाट आम्ल उणे साठच्या आसपास गोठतं, तेवढी थंडी इथे पडत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरतं, आणि ते उणे आठ-दहाला गोठून प्लेटा वाकवतं. बव्हेरियातल्या खेड्यात लाकडी शेडमध्ये गाडी ठेवणाऱ्याला जानेवारीची एखादी रात्र एवढी थंडी नक्की दाखवते.

थंडीमुळे आणखी एक गोष्ट बघावी लागते. गार बॅटरी भरायला थोडं जास्त व्होल्टेज मागते, गरम बॅटरी कमी. बारा व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट. पंचवीस अंशांचा हिशोब पाच अंशांत वापरला तर चार दशांश व्होल्ट कमी पडतात, आणि बॅटरी कधीच पुरती भरत नाही. मी घेतलेल्या चार्जरवर यासाठी हिमकणाचं चित्र असलेलं बटण आहे. ते दाबलं की तो १४.७ पर्यंत जातो. माझी बॅटरी एजीएम आहे, म्हणजे अॅसिड मोकळं नसून काचतंतूंच्या चटईत शोषलेलं, आणि तिलाही तेवढंच लागतं. महागड्या चार्जरांत तापमान मोजणारा सेन्सर असतो. मला बटण पुरलं.

लिथियमची बॅटरी बसवायचा मोह मलाही झाला होता. वजन निम्म्याहून कमी, गळती नगण्य. पण शून्याखाली ती चार्ज करू नये, तिला स्पंद देणारा चार्जर लावू नये, आणि तिच्यासाठी वेगळा चार्जर घ्यावा लागतो. मी नाही घेतली.

चार्जर घरी आणला आणि वाटलं, झालं. सीटशेजारी बारा व्होल्टचं सॉकेट आहे, त्यात खुपसायचा. दिवा लागला, मिनिटभरानं चार्जरनं चूक दाखवली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नव्या गाड्यांत अशा सॉकेटवर गाडीच्या कॉम्प्युटरचं नियंत्रण असतं. कॅन बस म्हणतात त्या जाळ्यातून हुकूम येतो आणि किल्ली काढल्यावर थोड्या वेळानं सॉकेट मरतं. त्या सॉकेटमधून चार्ज करायचं तर त्या जाळ्याशी बोलणारा खास चार्जर लागतो. अर्थात त्याची गरज नाही. चार्जरच्या खोक्यात रिंगा असलेली, फ्यूज घातलेली एक वायर होती. सीट काढून ती थेट बॅटरीच्या बोल्टांना कसली. सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. हे मला कुठे वाचावं लागलं नाही, हातालाच माहीत होतं. वायरचं दुसरं टोक रबरी झाकणासह चौकटीच्या बाजूला बाहेर काढून ठेवलं. आता खाली जायचं आणि जोडायचं, दहा सेकंद.

वीज कोणाची, हा प्रश्न भारतात मला कधी पडला नसता. तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर प्लग आहे, पण तो सगळ्या इमारतीच्या मीटरवर. त्यात मी वायर लावली तर ती चोरीच. जर्मनीत या चोरीला १९०० साली वेगळा कायदा करावा लागला, कारण वीज ही हातात धरता येण्यासारखी वस्तू नाही, म्हणून ती साध्या चोरीच्या कलमात बसत नाही, असं वरिष्ठ न्यायालयानं ठरवलं होतं. तो कायदा आजही दंडसंहितेत आहे. मी इमारतीच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, सोबत हिशोब जोडला. राखणीच्या वेळी चार्जर दोन वॅट घेतो असं धरलं तर एकशे वीस दिवसांत सहा युनिटांच्याही आत. उत्तर आलं, की परवानगी आहे, वर्षाला पाच युरो भरा. मी आनंदानं भरते.

ज्यांना प्लग मिळत नाही त्यांना मी एकच सांगेन, की निराश होऊन काही उलटसुलट करू नका. बॅटरी काढा, घरात आणा, पूर्ण भरा, थंड कोरड्या जागी ठेवा आणि जानेवारीत एकदा पुन्हा भरा. गाडीपासून सुटलेली चांगली एजीएम बॅटरी थंडीत महिन्याला दोन-तीन टक्क्यांहून जास्त गळत नाही. तिला चार महिने चार्जर लागतोच असं नाही. अलार्म असेल, काढायला किचकट असेल, तरच कायमची जोडणी. चार्जर विकत घेऊन आल्यावर हे सांगणं विचित्र वाटेल, पण खरं ते हेच.

आमच्या पार्किंगमध्ये एक आजोबा आहेत, त्यांची जुनी जुळ्या सिलिंडरची गाडी माझ्याहून वयानं मोठी. ते दर रविवारी गाडी सुरू करून दहा मिनिटं धडधडू देतात. त्यांचं प्रेम मला दिसतं, आणि तो आवाज मलाही आवडतो. पण स्टार्टर एका झटक्यात शंभरभर अँपिअर ओढतो, आणि गार इंजिनाच्या मंद फेऱ्यांवर अल्टरनेटर दहा मिनिटांत ते भरून देत नाही. वर जळणातून झालेली वाफ गार सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते. हे मी त्यांना दुसऱ्या हिवाळ्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी गाडी सुरू केली नाही. मग जानेवारीत माझा चार्जर आठवडाभर त्यांच्या गाडीला लावला.

त्या हिवाळ्यात मामांनी फोनवर विचारलं, दिवा दाखव. मी खाली जाऊन चार्जरचा हिरवा दिवा व्हिडिओवर धरला. अंधारात एक हिरवा ठिपका, बाकी काही घडत नाही. ते मिनिटभर बघत राहिले. तिकडे ऊस जोरात चालू होता, मागून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला.

गेल्या वर्षी मेमध्ये कराडला गेले तेव्हा बॅगेत तसाच एक चार्जर नेला. त्यांचा हंगाम माझ्या उलटा आहे. नोव्हेंबरपासून ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात, साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की ते गोठ्याशेजारी पावसाळाभर उभे. मामा वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलेत, मायनस काढून ठेव बाबा, आणि वर्षानुवर्षं दसऱ्याला उतरलेल्या बॅटऱ्यांची तीच रांग लागते. ०.८ अँपिअरचा चार्जर ट्रॅक्टरची रिकामी बॅटरी भरायला अपुरा, म्हणून एका ओळखीच्या शेतकऱ्याची बॅटरी आधी त्यांच्या मोठ्या चार्जरवर भरून घेतली आणि मग राखणीला हा लावला. मामांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, वजन बघितलं, खिळ्याला अडकवला.

त्या रात्री ते घरीच झोपले. मामीनं सकाळी सांगितलं, दोनदा उठून दुकानात जाऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, मीटर लावून बघितला. किती होते?

“पहिल्यांदा तेरा पॉइंट सहा. पहाटे पण तेरा पॉइंट सहा.”